स्क्वॉल-रिनोआचं प्रेम मला पटलंच नाही. तुम्हाला कुठल्या गेममधलं पटलं?

खाडीकाठ

स्पॉयलर आहेत. ज्यांना फायनल फॅन्टसी ८ हा गेम खेळायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा.

सध्या मासेमारी बंदीचे दिवस. १ जूनपासून होड्या वर ओढून ठेवल्यात, आणि मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ ज्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो तिथे होड्याच नाहीत तर बर्फ नेणार कोण, त्यामुळे दुपारी तीनला मोकळा होतो. बाहेर पाऊस कोसळतोय, लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून फोनवर खेळता येईल असं काहीतरी मोठं बघत होतो आणि हा गेम घेतला. मूळचा १९९९ चा, प्लेस्टेशनवर चार डिस्क होत्या, २०१९ ला रीमास्टर आला आणि नंतर फोनवरही आला. काल रात्री संपवला आणि तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे.

स्क्वॉल १७ वर्षांचा. बालांब गार्डन नावाच्या शाळेत भाडोत्री सैनिक व्हायचं शिक्षण घेतलेला. कुणी काही विचारलं की याचं खरं उत्तर मनातल्या मनात, आणि ते आपल्याला वाचायला मिळतं, समोरच्याला मिळत नाही. हे मला फार आवडलं कारण अशी माणसं मी रोज बघतो, पोटात दहा वाक्यं आणि तोंडातून एक हुं. मग तो नाचाचा कार्यक्रम येतो. रिनोआ लांबून त्याच्याकडे बघते, एक बोट वर करते, येते आणि त्याला ओढत मधोमध नेते. आधी त्याचं पाऊल चुकत राहतं, शेजारच्या जोडीवर आपटतो, आणि मग कधीतरी जमतं आणि त्याच क्षणाला फटाके. अख्ख्या गेममध्ये कुणाला आवाज नाही, त्यामुळे त्या सीनमध्ये एक अक्षर बोललं जात नाही आणि तरी सगळं कळतं. मी तो सीन परत बघायला जुना सेव्ह लोड केला होता.

पण त्यानंतर काय? रिनोआ टिंबर गावाच्या बंडखोरांतली, तिच्या गटाने यांना कामाला लावलेलं, आणि स्क्वॉल दोन डिस्क तिच्याशी तेवढ्याच अंतरावरून वागतो. ती हाक मारते, हा वळत नाही. ती काही सांगायला जाते, हा विषय तोडतो. ठीक आहे, त्याचा स्वभाव आहे. मग दुसऱ्या डिस्कच्या शेवटी एडिया या जादूगारणीशी लढाई होते, रिनोआ कोसळते, शुद्धीवर येत नाही, आणि तिसरी डिस्क सुरू होते तेव्हा स्क्वॉल दुसराच माणूस झालेला असतो. तिला पाठीवर घेऊन समुद्रावरच्या रेल्वेपुलावरून एस्थार देशाच्या दिशेने चालत सुटतो आणि वाटेत तिच्याशी बोलतो.

म्हणजे जागी असताना ती त्याच्याशी बोलायला धडपडत होती तेव्हा हा गप्प, आणि तिला ऐकू येईना तेव्हा याला वाचा फुटली. मी बोट स्क्रीनवर दाबून तो पूल चालवत होतो आणि मला मनापासून वाईट वाटायला हवं होतं, त्याऐवजी मी आठवत बसलो की या मुलीबद्दल याला काय माहितीये. कुत्रा आहे, अँजेलो. बापाशी पटत नाही. आधी याच्याच शाळेतल्या सायफरशी काहीतरी होतं. पुढे? तिला काय खायला आवडतं, ती कशाला घाबरते, झोपताना बडबडते का? यालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

माझे आईबाबा एकमेकांशी प्रेमाचं बोललेले मी आयुष्यात ऐकले नाहीत. पण पावसात ओटीवर जाळं घेऊन बसतात तेव्हा बाबांच्या सुईतला दोरा संपत आला की ते मान वर न करता हात मागे करतात, आणि आईने तोवर दुसरी सुई भरून तयार ठेवलेली असते, तीही न बघता त्यांच्या हातात देते. मला गेममध्ये हे हवं होतं. दोघांनी मिळून केलेलं एखादं साधं काम, ज्यात जग वाचवायचं नाहीये.

तुम्हाला पटलं का हे प्रेम? आणि नसेल तर कुठल्या गेममधलं पटलं ते लिहा, बंदी संपेपर्यंत वेळ आहे माझ्याकडे.

सुरंगी

पटलं नाही, पण माझं कारण थोडं वेगळं आहे.

तू सगळं स्क्वॉलच्या बाजूने लिहिलंयस, जरा रिनोआकडून बघ. डेलिंग सिटीच्या मिरवणुकीच्या वेळी ती एकटी एडियाकडे जाते, तिथून तिला सोडवावं लागतं. दोन गार्डन, म्हणजे त्या उडत्या शाळा, एकमेकांवर आदळतात तेव्हा ती कड्याला लटकते, तिथून सोडवावं लागतं. मग बेशुद्ध. मग अंतराळात तरंगत जाते, प्राणवायू संपत आलेला, तिथून सोडवायचं. मग ती जादूगारीण झाली म्हणून तिला कायमची बंद करायला नेतात, तिथूनही हाच सोडवतो. एवढ्या सगळ्यात तिने त्याला सोडवलंय असं शेवट येईपर्यंत होत नाही. कुणाला तरी सतत वाचवत राहणं म्हणजे प्रेम असं गेम लिहिणाऱ्यांना का वाटतं? वाचवणं एका बाजूनं होतं, प्रेमाला दोघं लागतात. नाचाच्या सीनमध्ये दोघं होते, म्हणून तो आपल्याला लागला.

आता पटलेला गेम सांगते. फ्लॉरेन्स. २०१८ चा, फोनवरचाच, अर्ध्या-पाऊण तासात संपतो. त्यातल्या मुलाचं नाव क्रिश, आपल्याकडच्याच मुळाचा, चेलो वाजवतो. पहिल्या भेटीत बोलायचं असतं तेव्हा फ्लॉरेन्सच्या बोलण्याचा फुगा रिकामा असतो आणि तो कोड्याचे तुकडे जोडून आपण भरायचा. पहिल्या वाक्याला बरेच तुकडे. पुढच्याला कमी. असं करत करत शेवटी एकच तुकडा उरतो, उचलला आणि ठेवला, झालं वाक्य. ओळख वाढली की बोलणं किती सोपं होत जातं ते मला बोटांना कळलं, कुणी सांगितलं नाही. आणि पुढे भांडण येतं तेव्हा तुकडे टोकदार होतात आणि घाईघाईत लावायला लागतात, आपण जिंकायच्या नादात लावत सुटतो आणि मग कळतं आपण काय केलं.

तो तिच्या घरी राहायला येतो तेव्हाचा भाग बघ. फळीवर जागा तेवढीच, त्याच्या वस्तू ठेवायच्या तर तिच्या काही काढून खोक्यात टाकाव्या लागतात. कुठलं काढायचं ते आपण ठरवायचं. मी लग्न होऊन वेंगुर्ल्याला आले तेव्हा इथल्या कपाटात मला एक खण मिळाला होता, त्यात माझ्या पुस्तकांचं काय करायचं यावर मी आणि नवरा रात्रभर बसलो होतो, शेवटी त्याने त्याचे क्रिकेटचे कप माळ्यावर टाकले. फ्लॉरेन्स खेळताना मला ते माळ्यावरचे कप आठवले आणि मी फोन खाली ठेवला थोडा वेळ.

दर्यावर्दी

मी उलट बाजूचा. मला हे प्रेम पटतं, आणि पूल तर सगळ्यात जास्त पटतो.

मी मालवाहू जहाजावर असतो, सहा महिने बाहेर, आत्ता घरी दापोलीला आलोय. हा गेम मी पहिल्यांदा केबिनमध्ये लॅपटॉपवर खेळलो. खाडीकाठ म्हणतायत की ती बेशुद्ध झाल्यावर हा बोलायला लागला. अहो पण तोच तर त्याचा आजार आहे. अनाथाश्रमात वाढलेला, जिला ताई म्हणायचा ती एलोन एक दिवस निघून गेली, तेव्हापासून त्याने ठरवलं की आता कुणावर टेकायचं नाही. असा माणूस समोरचा जागा असताना बोलूच शकत नाही, कारण समोरचा उत्तर देईल, आणि उद्या तोही जाईल. उत्तर येणार नाही याची खात्री झाल्यावर त्याचं तोंड उघडतं. मी स्वतः बायकोला फोनवर जे बोलू शकलो नाही ते रात्री जहाजाच्या ब्रिजवर वॉचला उभा असताना काळ्या पाण्याकडे बघून बोललोय. ती तिकडे मुलाला घेऊन तापात होती आणि मी हिंदी महासागरात.

आणि तो पूल आपल्याला चालवावा लागतो. कटसीन, म्हणजे नुसती बघायची फिल्म, लावून दोन मिनिटांत उरकता आला असता. लढाई नाही, खजिना नाही, नुसतं चालायचं, आणि तिचं वजन पाठीवर. मला वाटतं की लेखकाला माहीत होतं की इथे शब्द कमी पडतायत म्हणून त्याने पायांवर सोपवलं.

पटलेलं दुसरं म्हणजे विचर ३, २०१५ चा. नायक गेराल्ट आणि जादूगारीण येनेफर. यांची गाठ पूर्वी एका जिनकडे मागितलेल्या इच्छेने बांधली गेलेली, हे मूळ पोलिश पुस्तकांतून आलंय. तर येनेफर या गेममध्ये म्हणते की दुसरा जिन शोधू आणि ती इच्छा मोडून टाकू. तिला बघायचं असतं की जादू काढून घेतल्यावर मागे काही उरतं का. स्केलिगे बेटांच्या समुद्रात बुडी मारून बुडालेल्या जहाजाचा माग काढायचा, आणि मग कळतं की जहाजाचा उरलेला भाग डोंगराच्या शेंड्यावर पडलाय. तिथे जिनशी लढायचं, जादू मोडायची, आणि मग दोघं त्या मोडक्या जहाजाच्या कडेला बसतात, खाली दरी. ती म्हणते माझं काही बदललं नाही. आता गेराल्टने काय म्हणायचं ते आपल्या हातात. मी तिथे दहा मिनिटं कंट्रोलर धरून बसलो होतो. उत्तर मला माहीत होतं, पण ते लगेच द्यायला नको वाटलं.

घाटमाथा

दर्यावर्दी, विचर ३ बद्दल एक अडचण. मी पहिले दोन खेळलो नव्हतो, पुस्तकं वाचली नव्हती, सरळ तिसरा सुरू केला. मला येनेफर म्हणजे सतत हुकूम सोडणारी कोण ही बाई असंच वाटलं, आणि गेम मात्र धरून चालतो की मला तिच्याबद्दल काहीतरी वाटतंय. पहिल्या गेममध्ये गेराल्टची स्मृती गेलेली असते, तिथे तो ट्रिस नावाच्या दुसरीबरोबर, त्यामुळे जुन्या गेमवाल्यांनाही येनेफर नवीनच. इतिहास दुसरीकडे आणि प्रेम इथे. तो डोंगरावरचा सीन भारी आहे, मान्य, पण मला तो दुसऱ्यांदा खेळताना कळला.

आणि स्क्वॉलचं म्हणाल तर लोकांनी यावर एक थिअरीच काढली होती, की पहिल्या डिस्कच्या शेवटी एडिया बर्फाचा भाला मारते तेव्हाच स्क्वॉल मेला आणि पुढचं सगळं त्याचं मरतानाचं स्वप्न. दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी २०१७ मध्ये ते साफ फेटाळलं. पण ती थिअरी इतकी वर्षं टिकली याला कारण आहे. पुढचं प्रेम स्वप्नासारखं, कारण न देता येतं, आणि माणूस कारण शोधतो. गेमने दिलं नाही तर स्वतः तयार करतो.

रातांबा

धागा छान चाललाय, थोडं मोठं लिहिते.

एक गोष्ट कुणी काढली नाही. फायनल फॅन्टसी ८ ची कथा काझुशिगे नोजिमांनी लिहिली आणि २००१ मध्ये आलेल्या १० ची पण त्यांनीच. दोन वर्षांचं अंतर, लेखक तोच, आणि १० मधले टिडस-युना मला पूर्ण पटतात. का, याचा मी बराच विचार केलाय. युना यात्रेला निघालीय, आणि त्या यात्रेच्या शेवटी ती मरणार हे तिच्या बरोबरच्या प्रत्येकाला माहितीये, फक्त टिडसला नाही. तो तिला सांगत राहतो की हे सगळं संपलं की माझ्या गावाला जाऊ, हे दाखवीन, ते दाखवीन. ती ऐकून घेते. बाकीचे मान खाली घालतात. आणि जेव्हा त्याला कळतं तेव्हा मागचं प्रत्येक संभाषण उलटं होऊन अंगावर येतं. लुका शहरातला तो जबरदस्तीने मोठमोठ्याने हसायचा सीन आहे ना, लोक त्याला नावं ठेवतात की अभिनय वाईट. तो मुद्दाम तसा आहे, दोघं ठरवून खोटं हसतात आणि मग त्या खोट्या हसण्याचंच खरं हसू येतं. ते दोघांनी मिळून केलेलं बिनकामाचं काम आहे, खाडीकाठ, तुम्ही जे मागताय तेच.

आता ८ बद्दल. मी दर्यावर्दींच्या बाजूने थोडी झुकते, आणि कारण घरातलं आहे. आम्ही संगमेश्वरकडचे. आजोबा मुंबईत गिरणीत होते, आजी इथे गावात, शेती आणि सासू-सासरे बघत. वर्षातून दोनदा भेट, गणपतीला आणि शिमग्याला. हिशेब केला तर त्यांचा एकत्र संसार कितीसा झाला असेल? आजीला वाचता येत नव्हतं. आजोबा दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे आणि त्या फॉर्मला खाली एक छोटं कूपन असायचं, दोन ओळींच्या मजकुराची जागा. पोस्टमन पैसे द्यायचा आणि तेवढं वाचून दाखवायचा. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत बिस्किटाचा डबा सापडला, त्यात ती सगळी कूपनं, दोऱ्याने बांधलेली. एकावर लिहिलंय, कौलं पावसाआधी बघून घे, पश्चिमेकडची सरकतात. दुसऱ्यावर, गायीला उजव्या बाजूने दूध काढ, डावीकडून लाथ मारते. अशी सगळी. प्रेमाचा एक शब्द नाही.

तर आमच्याकडे प्रेम समोर नसलेल्या माणसावरच करतात, घरटी अशी गोष्ट आहे. ती बेशुद्ध पडल्यावर स्क्वॉलला कळलं की ती नाही म्हणजे काय, हे मला अजिबात खोटं वाटत नाही.

खाडीकाठ

रातांबा, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. ती कूपनांशी थांबली आणि म्हणाली परत वाच.

पण मला वाटतं तुम्ही तुमच्या आजोबांकडून माझीच बाजू मांडलीत. त्यांना पश्चिमेकडची कौलं सरकतात हे माहीत होतं. गाय कुठल्या बाजूने लाथ मारते ते माहीत होतं. मुंबईत गिरणीत उभे असताना त्यांच्या डोक्यात ते घर कोपऱ्याकोपऱ्यासकट होतं आणि त्यात ती कुठे बसून दूध काढते तेही. म्हणून दोन ओळी पुरल्या. स्क्वॉल पुलावर जे बोलतो ते सगळं स्वतःबद्दल आहे. मी किती बदललो, बाकीचे काय म्हणतील. पाठीवरच्या मुलीचं एक कौलसुद्धा त्याला माहीत नाही. माझी तक्रार तो आता बोलतोय ही नाहीये, त्याच्या बोलण्यात ती नाहीये ही आहे.

दर्यावर्दी, तुम्ही रात्री पाण्याकडे बघून बोलायचात तेव्हा काय बोलायचात ते विचारणार नाही, पण मला खात्री आहे की त्यात ताप किती, औषध दिलं का, हे असणार.

दर्यावर्दी

होतं. थर्मामीटर फुटला होता आणि दुसरा आणायला कोण जाणार, एवढंच बराच वेळ.

मुद्दा लागला. तरी पूल सोडणार नाही मी.

माडबन

माका वाटता तुमी सगळे त्या गेमाक लय प्रश्न इचारतास. आमच्या दशावतारात बघा. राजाचो झील शिकारीक जाता, रानात राजकन्या दिसता, एक पद म्हणता आणि जमला. पहाटेचे तीन, देवळासमोर थंडीत माणसा घोंगडी घेवन बसलेली, त्यातलो एक पण उठान म्हणना नाय की ह्या प्रेम माका पटूक नाय.

पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी गंमत म्हणून नाही म्हणत. आमच्या वाडीतले काका दशावतारात स्त्रीपात्र करायचे, मी लहानपणापासून पडद्यामागे बसून रंग लावताना बघितलंय. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि बोलणं तिथल्या तिथे. तिथे प्रेम एका पदात होतं आणि ते चालतं कारण सांगणारा तुम्हाला सांगतो की हे असंच आहे, पुढे बघा. कुणाच्या मनात काय चाललंय ते उलगडून दाखवायचा दावाच नसतो. हार्मोनियम आणि पखवाज वाजला की राजकन्या आवडली.

या गेमने आपल्याला स्क्वॉलच्या मनात बसवलं. त्याचा प्रत्येक विचार वाचायला दिला, कंटाळा, चीड, भीती, सगळं. एवढं आत नेल्यावर जी सगळ्यात मोठी गोष्ट घडते, तो प्रेमात पडतो, तेवढीच आपल्याला दिसत नाही. ती डिस्क २ आणि ३ च्या फटीत कुठेतरी पडते. पुराणातल्या गोष्टीसारखं झटकन प्रेम दाखवायचं होतं तर मनात न्यायचं नव्हतं, आणि मनात नेलं तर मग तो क्षण दाखवायला हवा होता. मी नाचाच्या सीनला पूर्ण मार्क देतो कारण तिथे विचार नाहीत, नुसतं संगीत आणि पावलं. तो दशावतार आहे.

आणि स्क्वॉलचं ते सारखं 'व्हॉटएव्हर' म्हणणं. मराठी केलं असतं तर काय लिहिलं असतं? आमच्याकडे 'जांवदी' म्हणतात, म्हणजे जाऊ दे. माझे वडील म्हणायचे, प्रत्येक गोष्टीला जांवदी. त्या एका शब्दाचे त्यांचे सात-आठ आवाज होते आणि आईला कुठला आवाज म्हणजे काय ते कळायचं. गेमला आवाजच नाही, त्यामुळे स्क्वॉलचे सगळे जांवदी एकसारखे दिसतात. हे पण कारण असेल.

काजूबी

मी फार मोठे गेम नाही खेळत, स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळते फक्त. त्यात प्रेम म्हणजे सरळ हिशेब आहे, आठवड्याला दोन भेटी द्यायच्या, बदाम, म्हणजे हृदयाची चिन्हं, वाढत जातात, आठ बदाम झाले की गुच्छ द्यायचा आणि दहा झाले की मरमेडचं पेंडंट. ते पेंडंट समुद्रावर पाऊस पडत असतानाच एक म्हातारा खलाशी विकतो, ५००० ला. ज्याला जे आवडतं ते मोजून हातावर ठेवायचं म्हणजे प्रेम हे मला अजिबात पटायचं नाही, मशीनमध्ये नाणी टाकल्यासारखं वाटायचं.

पण लग्न झाल्यावर एक दिवस सकाळी उठले तर नवऱ्याने शेताला पाणी घालून ठेवलेलं होतं. मी सांगितलं नव्हतं. झारी हातात घेऊन उभी होते आणि बघितलं तर वाफे आधीच ओले. तेव्हा पटलं. आणि त्या म्हाताऱ्याला पावसात किनाऱ्यावर शोधायला गेले होते ते पण आठवतंय, कारण मी खरोखर तेव्हा गुहागरला मावशीकडे होते आणि खिडकीतून खरा पाऊस आणि खरा समुद्र दिसत होता.

सुरंगी

काजूबी, ओले वाफे म्हणजे खाडीकाठच्या आईची भरलेली सुई. तेच आहे.

माडबन यांचं पटलं, मनात नेऊन तो क्षण लपवला हे मला नेमकं मांडता येत नव्हतं. अजून एक सांगते, मास इफेक्ट ३ मधला, गॅरस या सोबत्याचा. २००७ च्या पहिल्या गेममध्ये तो नुसता सोबती. त्याच्याशी प्रेमाचा पर्याय दुसऱ्या गेममध्ये २०१० ला आला, खेळणाऱ्यांना तो इतका आवडला होता म्हणून. तिसऱ्यात एके दिवशी तो तुम्हाला सिटाडेल या अंतराळस्थानकात उंच जागी घेऊन जातो, जिथे जायची परवानगी नाही, आणि दोघं बाटल्या उडवून नेमबाजी करतात. शेवटची बाटली तुमची, आणि पर्याय येतो, मारायची की मुद्दाम चुकवायची. मी चुकवली. तो इतका खूश झाला. बाहेर विश्व संपत आलंय आणि मी एका बाटलीवर नेम चुकवतेय, कारण याला जिंकल्यावर कसं वाटतं ते मला माहितीये. कॅरम खेळताना आम्ही सासऱ्यांना राणी घेऊ देतो तसं. तो सीन गॅरस नुसता मित्र असला तरी येतो, आणि तरी मला सगळ्या मास इफेक्टमधला तोच प्रेमाचा सीन वाटतो.

घाटमाथा

खाडीकाठ, एक विचारायचं राहिलं. फिशरमन्स होरायझन (एफएच) गावातल्या कॉन्सर्टला तुम्ही कुठली वाद्यं दिली होती?

खाडीकाठ

कुठली म्हणजे? आठ पर्याय होते, झेल वगैरे चार सोबत्यांना वाटायची होती. मी काहीतरी दिली, गिटार, पियानो, सॅक्सोफोन असं मिळून. वाजवायला लागले तर नुसता गोंधळ झाला, एकाचं दुसऱ्याशी जुळेना. का?

घाटमाथा

कारण त्यात दोन जुळणारे संच आहेत. गिटार, व्हायोलिन, फ्लूट आणि टॅप (पायाने ताल धरायचा) हा एक, तो आयरिश धाटणीचा. दुसरा सॅक्स, इलेक्ट्रिक गिटार, पियानो, बास, तो 'आइज ऑन मी' या गेमच्या प्रेमगीताचा, संथ. तुम्ही मिसळ केलीत. आणि त्या वेळी मागे स्क्वॉल आणि रिनोआ बसून जे बोलतात ते संगीतावर बदलतं. तुम्ही तो सीन धड बघितलाच नाही.

खाडीकाठ

आज कारखान्यात गेलो नाही, काम नव्हतंच. सकाळपासून जुना सेव्ह शोधत होतो, सुदैवाने एफएचला पोचायच्या आधीचा एक होता.

पहिला संच दिला. गिटार, व्हायोलिन, फ्लूट, टॅप. मासेमारांच्या नावाचं गाव, समुद्राच्या मधोमध पुलावर वसलेलं, रात्र, आणि मागे ती धून. ती म्हणते की सगळं एकट्याने पोटात ठेवू नकोस, आम्ही सगळे आहोत, बोल. हा मनात म्हणतो की टेकलो आणि उद्या तुम्ही नसलात तर. ती काहीच मोठं बोलत नाही, त्याच्यावर ओरडत नाही, नुसती बसून राहते आणि परत सांगते. आणि तो उठून जात नाही. पहिल्यांदा. याआधी प्रत्येक वेळी तो विषय तोडून निघतो, इथे बसतो.

म्हणजे होतं. ते बी होतं, आणि ती पूर्ण शुद्धीत होती. दर्यावर्दी, तुमचा पूल मी परत चालवला यानंतर आणि या वेळी पाठीवरचं वजन लागलं थोडं. तो पुलावर तिला जे सांगतो ते त्या रात्रीचं उत्तर आहे, उशिरा दिलेलं. आधी मला ते नुसतं स्वतःचं रडगाणं वाटलं होतं.

पण आता राग वेगळ्याच गोष्टीचा येतोय. अख्ख्या चार डिस्कमध्ये दोघं निवांत बसून बोलतात असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा यांनी कुणाच्या हातात फ्लूट द्यायची यावर सोडून दिला. मला कुणी सांगितलंच नाही की इथे काहीतरी हरवतंय. मी पन्नासेक तास खेळून एक प्रेमकथा बघितली जिचं मधलं पानच मी माझ्या हाताने फाडलं होतं, आणि मग इथे येऊन लिहिलं की कथा तुटक आहे. कौलं सरकली होती ती मला दिसली, पण पाऊस आत आल्यावर.

आता दुसरा संच लावून बघायचाय, 'आइज ऑन मी'चा. पण लाइट गेलीय आणि फोन १२ टक्क्यांवर आहे.

माडबन

पॉवर बँक भरून ठेव रे. मी पण आज तोच सेव्ह काढतंय. झेलाक काय देवचा, टॅप की व्हायोलिन?

घाटमाथा

कुणालाही कुठलंही द्या, चार वाद्यं एकाच संचातली हवीत बस.